पेटी उघडण्याचा नाद

मुंबईत मटक्याचा जोर होता तेव्हा चाळींच्या गॅलऱ्यांमध्ये एक वाक्य हमखास कानावर पडे : ‘एका आकड्याने हुकला.’ सातवर पैसे लावले आणि आठ आला, की हे वाक्य यायचेच. हिशेबाने पाहिले तर सात लावणाऱ्याला आठ येणे आणि दोन येणे यात काडीचा फरक नाही. पैसे दोन्ही वेळा सारखेच बुडाले. आकडा काही सातच्या दिशेने धावत येऊन आठवर घसरलेला नसतो. तरीही दोन आला की माणूस गप्प घरी जायचा आणि आठ आला की दुसऱ्या दिवशी दुप्पट हुरुपाने टपरीवर हजर व्हायचा. अगदी जवळ आलो होतो, आज लागणारच, ही त्याची खात्री असे.

आज त्याच घरांतल्या नातवंडांच्या हातात मोबाइल आहे आणि तोंडी तेच वाक्य आहे. पडद्यावर एक चाक फिरते, त्याचा वेग मंदावतो, काटा सोनेरी बंदुकीच्या घरात शिरतो, आता थांबणार असे वाटते आणि एका घराने पुढे सरकतो. ‘थोडक्यात गेली!’ मटक्यात निदान तो आठ योगायोगाने यायचा. इथे काय निघणार हे साधारणपणे बटण दाबताक्षणीच संगणकाने ठरवून टाकलेले असते. चाकाचे मंदावणे आणि हव्या त्या वस्तूला स्पर्श करून पुढे जाणे हा त्यानंतरचा देखावा आणि तो कुणीतरी विचारपूर्वक रचलेला असतो.

ज्यांनी असे खेळ पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडे तपशिलात सांगायला हवे. मोबाइलवरचे बहुतेक लोकप्रिय खेळ फुकट मिळतात. खेळाच्या आत मात्र दुकान असते. तिथे रुपये देऊन आधी ‘हिरे’ किंवा ‘नाणी’ घ्यायची आणि त्या नाण्यांनी पेट्या विकत घ्यायच्या. पेटीत काय आहे ते उघडल्याशिवाय कळत नाही. बहुतेक वेळा किरकोळ काहीतरी निघते; क्वचित एखादा दुर्मीळ पोशाख, बंदुकीचा रंगीत साज किंवा फुटबॉलच्या खेळात नामांकित खेळाडू हाती लागतो. याला ‘लूट बॉक्स’ म्हणतात. जपानमध्ये याच प्रकाराला ‘गाचा’ म्हणतात. नाणे टाकून मूठ फिरवली की प्लास्टिकच्या गोळ्यात एखादे खेळणे देणाऱ्या तिथल्या यंत्रांवरून हे नाव आले. रुपयांची आधी नाणी का करायची, याचे उत्तर कॅसिनोत गेलेल्या कुणालाही ठाऊक असेल. तिथेही टेबलावर नोटा नसतात, रंगीत चकत्या असतात. पाचशेची नोट पुढे सरकवताना हात थबकतो, चकती सरकवताना थबकत नाही.

हा जुगार आहे का? कायद्याच्या मापाने बहुतेक देशांत उत्तर ‘नाही’ असे येते, कारण पेटीतून निघालेल्या वस्तूचे पैसे होत नाहीत, निदान अधिकृतपणे होत नाहीत. मेंदूच्या मापाने पाहिले तर उत्तर इतके सरळ राहत नाही.

वर्तनशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी गेल्या शतकाच्या मध्यावर कबुतरांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. ठरावीक टोचींनंतर दाणा मिळत असेल तर कबूतर दाणा खाऊन थोडा वेळ थांबते. पण दाणा कधी तीन टोचींनंतर, कधी तीसनंतर, कधी लागोपाठ दोनदा असा बेभरवशाने मिळू लागला, की ते न थांबता टोचत राहते. दाणा देणे पूर्ण बंद केले तरी बराच काळ टोचत राहते. कॅसिनोतली यंत्रे याच तत्त्वावर चालतात आणि खेळातल्या पेट्याही.

असे का होते, याचा उलगडा पुढे वोल्फ्राम शुल्त्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांतून होत गेला. माकडाला पडद्यावर एक चित्र दाखवायचे आणि काही क्षणांनी फळाच्या रसाचा थेंब द्यायचा. कोणत्या चित्रानंतर रस नक्की मिळतो हे माकड शिकले, की रस मिळाल्यावर त्याच्या मेंदूतल्या डोपामाइन पेशी फारशी दखल घेत नाहीत. अनपेक्षित रस मिळाला तर मात्र त्या उसळतात. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली. चित्र दिसणे आणि रस मिळणे यांच्या मधल्या वाट पाहण्याच्या काळातही यांतल्या काही पेशींची हालचाल हळूहळू वाढत जाते, आणि ती सर्वाधिक केव्हा असते? रस मिळण्याची शक्यता बरोबर निम्मी असते तेव्हा. म्हणजे बक्षिसापेक्षा ‘मिळेल की नाही’ या टांगणीचा अंमल मोठा. पेटी उघडताना झाकण थरथरणे, फटीतून प्रकाश झिरपणे, वाढत जाणारे संगीत हा सगळा त्या टांगणीचा काळ लांबवण्याचा उद्योग आहे.

‘एका आकड्याने हुकला’ या वाक्याचाही अभ्यास झाला आहे. २००९ मध्ये ल्यूक क्लार्क व सहकाऱ्यांनी केंब्रिजमध्ये स्वयंसेवकांना मेंदूचे चित्रण करणाऱ्या यंत्रात झोपवून जुगारयंत्रासारखा खेळ खेळायला लावला. थोडक्यात हुकण्याचे क्षण लोकांना साध्या हरण्यापेक्षाही अप्रिय वाटले, पण चित्र स्वतः निवडण्याची मुभा होती तेव्हा त्याच क्षणांनी पुन्हा खेळण्याची इच्छा वाढवली. मेंदूत तर जिंकल्यावर जागे होणारे भाग थोडक्यात हुकल्यावरही जागे झाले. बुद्धीने ती हार होती, मेंदूच्या त्या कोपऱ्याने ती जवळपास जीत म्हणून नोंदवली.

या सगळ्याला ‘इच्छाशक्ती कमी’ असे लेबल लावून मोकळे होणाऱ्यांनी कंपवाताच्या रुग्णांची हकिकत लक्षात घ्यावी. या आजारात मेंदूतले डोपामाइन कमी पडते, म्हणून त्याच्यासारखे काम करणारी प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल अशी औषधे दिली जातात. आयुष्यभर पत्त्यांना हात न लावलेल्या काही रुग्णांना ही औषधे सुरू झाल्यावर जुगाराचा अनावर नाद लागल्याचे डॉक्टरांनी नोंदवले आहे. डोस कमी केला किंवा औषध बदलले की अनेकांचा नाद ओसरतो. संस्कार तेच, माणूस तोच. बदलली ती एक गोळी. आता या औषधांबरोबर रुग्णाच्या घरच्यांना तशी सूचना देण्याची रीत आहे.

मग पेट्या उघडणारे आणि जुगार खेळणारे हे एकच लोक आहेत का? डेव्हिड झेंडल आणि पॉल केअर्न्स यांनी २०१८ मध्ये सात हजारांहून अधिक खेळाडूंची पाहणी प्रसिद्ध केली. लूट बॉक्सवर जितका जास्त खर्च, तितकी जुगाराच्या व्यसनाची लक्षणे जास्त, असा संबंध त्यात दिसला. नंतर वेगवेगळ्या देशांतल्या अनेक पाहण्यांत तोच पुन्हा दिसला. मात्र पेट्यांमुळे माणूस जुगाराकडे वळतो, की मुळात जुगाराकडे ओढ असलेला माणूस पेट्यांकडे खेचला जातो, हे अशा पाहण्यांतून सिद्ध होत नाही. दोन्ही थोडे थोडे होत असावे. उद्योगाचे प्रवक्ते या अनिश्चिततेवर नेहमी बोट ठेवतात. पण नीट पाहिले तर दोन्ही उत्तरे त्यांना अडचणीचीच आहेत. पहिले खरे असेल तर पेट्या मुलांना जुगार शिकवतात. दुसरे खरे असेल तर आधीच दुबळ्या असलेल्या माणसांकडून कंपन्या पैसा काढतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात पेट्यांवर खर्च करणाऱ्यांपैकी वरच्या सुमारे पाच टक्के लोकांकडून निम्मे उत्पन्न येत असल्याचे आढळले. हे पाच टक्के श्रीमंत असतील अशी समजूत होती. पण खर्चाचा संबंध कमाईशी लागला नाही, जुगाराच्या लक्षणांशी लागला. या गिऱ्हाइकांना उद्योगाच्या बोलीत ‘व्हेल’, म्हणजे देवमासा म्हणतात. देवमाशाची शिकार करतात, हे नाव ठेवणाऱ्यांना माहीत असणारच.

यावर पन्नाशीपुढच्या वाचकांचा एक रास्त आक्षेप येईल. लहानपणी किराणा दुकानात पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या चिठ्ठ्या त्यांनीही फोडल्या आहेत. दहा पैशांत चिठ्ठी, लागली तर फुगा नाहीतर प्लास्टिकची शिट्टी, आणि मोठा चेंडू कधीच कुणाला लागलेला नसे! त्यातून कुणी जुगारी झाले नाही. खरे आहे. पण त्या चिठ्ठीत आणि या पेटीत फरक आहे. खिशातले दहा पैसे संपले की ती चिठ्ठी संपत असे. दुकान रात्री बंद होई. दुकानदार वडिलांना ओळखत असे, आणि पोराने पाचवी चिठ्ठी मागितली की ‘घरी सांगून आलास का’ असे विचारी. मोबाइलमधले दुकान चोवीस तास उघडे असते, पैसे आईच्या खात्यातून परस्पर जातात आणि दुकानदाराला गिऱ्हाइकाचे नाव नाही, पण सवयी पाठ असतात. कोणत्या वेळी किती सवलत दाखवली की हा खेळाडू परत येतो, हे त्याला आकड्यांत कळते.

वैद्यकाने या दोन नादांना शेजारी बसवले आहे, पण एकमेकांशी बोलायला लावलेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात जुगाराच्या विकाराचा संकेतांक ६सी५० आहे आणि गेमिंग डिसऑर्डरचा ६सी५१. अगदी भिंतीला भिंत लागून. खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सगळ्या गोष्टी मागे पडणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, असे साधारण वर्षभर चालले तर गेमिंग डिसऑर्डरचे निदान करावे, असे हे वर्गीकरण सांगते. खेळणारे बहुसंख्य लोक यात बसत नाहीत, हे आवर्जून सांगायला हवे. संध्याकाळी तासभर मित्रांबरोबर खेळणाऱ्या मुलाला रुग्ण ठरवण्याचे कारण नाही.

पण या लक्षणांमध्ये पैशाचा उल्लेख नाही. अमेरिकेतल्या मनोविकार संघटनेच्या २०१३च्या नियमावलीतही हेच दिसते. जुगाराच्या नऊ निकषांत ‘हरलेले पैसे परत मिळवण्यासाठी पुन्हा खेळणे’ आणि ‘पैशासाठी इतरांवर अवलंबून राहणे’ हे दोन आहेत. व्हिडीओ खेळांसाठी अधिक अभ्यासाकरिता म्हणून सुचवलेल्या निकषांत पैसा कुठेच नाही. परिणामी खेळाच्या नादासाठी आणलेल्या मुलाला ‘किती तास खेळतोस?’ असे विचारले जाते आणि जुगाराच्या नादासाठी आलेल्या माणसाला ‘पत्ते की मटका?’ दिवसाला जेमतेम पाऊण तास खेळणारा, पण त्या पाऊण तासात दोन हजारांच्या पेट्या उघडणारा मुलगा या दोन्ही प्रश्नांतून निसटतो. घरीही तेच. आईवडिलांचे भांडण चालते ते पडद्यावर घालवलेल्या वेळेवरून, कारण वेळ दिसतो. पैसे महिनाअखेरीस दिसतात. त्यातही खात्याच्या नोंदीत फक्त ॲप स्टोअरचे नाव असते, पेटीचे नसते.

भारताने या क्षेत्रात मोठे पाऊल टाकले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा संमत केला आणि २२ ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. पैसे लावून खेळायचे खेळ त्याने सरसकट निषिद्ध ठरवले. ते पुरवणाऱ्यांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, तर जाहिरात करणाऱ्यांना दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड अशा तरतुदी आहेत. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, हे या कायद्याचे शहाणपण. सरकारच्या अंदाजानुसार सुमारे ४५ कोटी लोक अशा खेळांत वर्षाला जवळपास २० हजार कोटी रुपये गमावत होते. मोठ्या कंपन्यांनी लगोलग आपले पैशांचे खेळ बंद केले. कायद्याला दिलेली आव्हाने सर्वोच्च न्यायालयाने स्वतःकडे वर्ग करून घेतली.

या कायद्याने एक जुना वाद बाजूला सारला, तो कौशल्य की नशीब हा. त्या वादाची एक कडी मुंबईशी जोडलेली आहे. शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धांवर कर लावणाऱ्या तत्कालीन मुंबई राज्याचा आणि चमारबागवाला यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९५७ मध्ये त्याचा निकाल लागला. कौशल्याचा खेळ म्हणजे जुगार नव्हे, ही रेषा तेव्हापासून ठळक झाली. १९६८ मध्ये न्यायालयाने रमीला प्रामुख्याने कौशल्याचा खेळ म्हटले आणि पुढे ऑनलाइन रमीचा सगळा डोलारा त्या आधारावर उभा राहिला. नवा कायदा म्हणतो, कौशल्य असो वा नशीब, पैसे लावून लाभाच्या अपेक्षेने खेळले तर बंदी. मेंदूच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. हरलेल्या डावानंतर हात शिवशिवतात ते कौशल्याचे प्रमाण पाहून नव्हे.

पण ती रेषा पुसताना दुसरी रेषा तशीच राहिली. पैसे घालून निघते काय, यावर कायद्याची नजर आहे. निघालेली वस्तू पैशाच्या मोलाची नसेल, तर तो खेळ मनोरंजनाचा ठरण्याचा मार्ग मोकळा राहतो. पेटीतला आभासी पोशाख हा ‘लाभ’ आहे की नाही, हे कायद्यात स्पष्ट शब्दांत सांगितलेले नाही. खेळणाऱ्या पोरांच्या जगात मात्र त्या पोशाखाला भाव असतो, शाळेच्या वर्गातही आणि बाजारातही. ‘काउंटर-स्ट्राइक’ या खेळात २०१३ पासून बंदुकांचे साज पेट्यांतून मिळू लागले. ते एकमेकांना देता येत असल्याने काही बाहेरच्या संकेतस्थळांनी त्यांचीच कॅसिनोतल्या चकत्यांसारखी बाजी लावून घ्यायला सुरुवात केली. २०१६ मध्ये खेळाच्या मालक कंपनीने अशा संकेतस्थळांना नोटिसा धाडल्या. ‘पैसे होत नाहीत’ हे वाक्य किती तकलादू आहे, ते तेव्हाच दिसले होते.

इतर देशांनी वाटा शोधल्या, त्यांतून शिकण्यासारखे आहे. जपानने २०१२ मध्ये गाचाचा एक विशिष्ट प्रकार बेकायदा ठरवला : वेगवेगळ्या वस्तूंचा पूर्ण संच जमवला की मोठे बक्षीस. शेवटची एक वस्तू मिळेपर्यंत मुले पैसे ओतत राहत, म्हणून. चीनने २०१७ पासून पेटीत काय निघण्याची शक्यता किती, हे जाहीर करणे बंधनकारक केले. बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे देऊन घ्यायच्या पेट्यांना जुगार ठरवले. पण काही वर्षांनी झालेल्या पाहणीत तिथल्या लोकप्रिय आयफोन खेळांपैकी बहुसंख्यांत त्या तशाच आढळल्या. कायदा करून तपासणीला माणसे नेमली नाहीत की असे होते. हे वाक्य वाचून महाराष्ट्रात कुणी दचकणार नाही. ऑस्ट्रेलियाने २०२४ पासून वयाच्या शिक्क्यांची वाट धरली.

भारतात बंदीचा बडगा उगारून झाला आहे. आता बारीक कामाची गरज आहे. अठरा वर्षांखालच्यांना अनिश्चित वस्तूंची पेटी विकू नये. प्रौढांना विकायची तर किंमत हिऱ्यांत नव्हे, रुपयांत लिहावी, आणि शक्यताही सरळ भाषेत : ‘ही बंदूक मिळायला सरासरी इतके हजार लागतात’. खर्चाला दिवसाची व महिन्याची मर्यादा असावी, आणि ती मर्यादा म्हणण्यासारखी असावी. ‘बीजीएमआय’ हा खेळ २०२१ मध्ये भारतात आला तेव्हा अल्पवयीनांसाठी दिवसाला तीन तास आणि सात हजार रुपये अशी मर्यादा जाहीर झाली होती. दिवसाला सात हजार!

कायदा होईल तेव्हा होईल. घरात मुलाला विचारायचा प्रश्न आजही बदलता येतो. किती वेळ खेळलास, याबरोबरच काय विकत घेतलेस, काय निघेल हे आधी माहीत होते का, आणि हवे ते निघाले नाही तेव्हा पुन्हा घेतलेस का, हे विचारावे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर वारंवार ‘हो’ असेल तर ते तासांपेक्षा महत्त्वाचे आहे. फोन हिसकावून घेण्याआधी त्यातले साठवलेले कार्ड काढून टाकावे आणि प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल अशी सोय करावी. प्रौढ मुलाने कर्ज केले असेल तर ते गुपचूप फेडून टाकण्याची घाई आईवडिलांनी करू नये. अशी सुटका झाली की पुढची बाजी मोठी होते, हा जुगाराच्या उपचारातला नेहमीचा अनुभव आहे. मात्र सावकाराचा वा ॲपवाल्यांचा तगादा लागून मुलगा जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलत असेल, तर कर्जाचा विचार नंतर; आधी त्याला एकटे सोडू नये आणि डॉक्टर गाठावा.

उपचार आहेत. विचार आणि वर्तन यांवर काम करणाऱ्या समुपदेशनाचा दोन्ही नादांत उपयोग होतो, आणि सोबत नैराश्य किंवा चंचलतेचा विकार असेल तर त्यावरही औषध द्यावे लागते. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी २०१४ पासून स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग चालतो. केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाताना मुलाबरोबर खात्याचे गेल्या सहा महिन्यांचे उतारेही न्यावेत. पेट्यांवर एकूण किती गेले हा आकडा बहुतेकदा मुलालाही ठाऊक नसतो. उतारे पुढे ठेवून ती बेरीज त्यालाच करायला द्यावी.